कोविडची गोळी सुरू करण्याआधी जुन्या गोळ्यांची पिशवी उघडा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. घरात शुगरवाली माय नाहीतर दम्याचा बाप असला आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, की पोरं धावत येतात. "भाऊ, कोविडची गोळी देऊन टाका ना." चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही आणि मिळूही नये. खुंटीला टांगलेली रोजच्या गोळ्यांची पिशवी अख्खी काढा, किडनीचा जुना रिपोर्ट असेल तर तोही त्यात टाका आणि आधी डॉक्टरांकडे जा.

पण उशीर करू नका. विषाणूवरची गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हायला हवी. "सोयाबीन निघू दे, मग पाहू" म्हटलं की वेळ हातची जाते. धडधाकट तरण्या माणसाला बहुधा या गोळीची गरजच नसते. ती म्हातारी माणसं आणि शुगर, किडनी, हृदय, फुप्फुसाचा आजार असलेल्यांसाठी आहे.

आता पिशवीचं कारण. निर्माट्रेलविर या कोविडच्या गोळीसोबत रिटोनाविर नावाची गोळी असते. ती यकृताचं औषधं मोडून काढायचं काम मंदावते, म्हणून निर्माट्रेलविर रक्तात टिकतं. पण त्याचबरोबर बाकीची काही औषधंही अंगात साचतात. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन यासोबत चालतच नाही, ॲटोरवास्टॅटिन डॉक्टर बहुधा काही दिवस थांबवतात. बीपीच्या ॲम्लोडिपिनचा जोर वाढून चक्कर येऊ शकते. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन याच्या उलट वागतात, कोविडच्या गोळीचाच असर घालवतात. टीबीचा नाहीतर फिटचा कोर्स मनानं अजिबात तोडू नका. अशा वेळी डॉक्टर दुसरा उपाय शोधतात. हृदयात स्टेंट असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर तेही न विसरता सांगा. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.

मोल्नुपिराविर या कोविडच्या दुसऱ्या गोळीला भारतात डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, तरी आयसीएमआरनं (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं) जानेवारी २०२२ मध्ये सुरक्षिततेच्या शंकेमुळे तिला राष्ट्रीय उपचारपद्धतीत घेतलं नव्हतं. गरोदर बाईनं ती घेऊ नये. पुरुषानं घेतली तर शेवटच्या डोसनंतर तीन महिने मूल राहू नये याची काळजी घ्यायची असते. सुनेसमोर, सासऱ्यासमोर हे बोलायला लाज वाटते, म्हणून मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगतो.

दोन्हींचा डोस सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मोल्नुपिराविरच्या २०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एका वेळी; इतक्या पाहून म्हातारी माणसं दोनच घेतात, तसं करू नका. वाचता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाच चौकटींत वर सूर्य, खाली चंद्र काढा. डोस घेतला की त्यावर फुली. निर्माट्रेलविरचा डोस चुकला आणि आठ तास झाले नसतील तर लगेच घ्या. त्याहून उशीर झाला तर तो सोडून पुढचा वेळेवर घ्या. दुप्पट कधीच नाही. गोळी फोडू नका, चावू नका. तोंड कडू होतं, जुलाबही लागू शकतात. अशा वेळी ओआरएस, पेज, पातळ खिचडी द्या. उन्हाळ्यात पाकीट टिनाखाली ठेवू नका, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, बोट गरम करा, नेलपॉलिश काढा. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला, धाप लागली, छाती दुखली किंवा माणूस बरळू लागला, तर गोळी चालू आहे म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि ताप हटत नाही म्हणून कुणी घरी येऊन स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असेल तर हात जोडून नको म्हणा. ऑक्सिजन चांगला असताना त्याचा फायदा नाही, शुगर मात्र भडकते. मायच्या जिवाशी खेळ नको.

बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा. कधी काही दिवसांनी खोकला-ताप परत येतो. तेव्हा पुन्हा वेगळं राहा, मास्क लावा आणि आशाताईंना कळवा. थांबवलेली कोलेस्टेरॉलची गोळी कोणत्या तारखेपासून सुरू करायची ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर ती पिशवीत तशीच पडून राहते.