कॉकटेल (तुरेवाला छोटा पोपट) पक्ष्याच्या पिल्लांचा रंग आधीच कसा ओळखावा

नर करडा, मादी करडी आणि घरट्याच्या पेटीत एक पिल्लू लाल डोळ्यांचं, पांढरट-पिवळं म्हणजे ल्युटिनो! विकणाऱ्याने फसवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा नराने तो रंग आत दडवलेला असतो. अशा नराला पाळणारे ‘ल्युटिनो स्प्लिट’ म्हणतात.

१. रंगाचा गट ठरवा. ल्युटिनो, पर्ल (ठिपकेदार) आणि सिनॅमन (दालचिनीसारखा तपकिरी) हे लिंगाशी जोडलेले रंग. पाईड (करड्यात फिकट पट्टे-डाग), व्हाईटफेस (पांढऱ्या तोंडाचा) आणि फॅलो (फिकट तपकिरी) यांचा लिंगाशी संबंध नाही, मात्र ते आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसतात. डॉमिनंट सिल्व्हर (चंदेरी) एकाच पालकाकडून आला तरी दिसतो, त्यामुळे तो लपत नाही.

२. ल्युटिनो, पर्ल, सिनॅमनसाठी आधी बाप बघा. पक्ष्यांत हिशोब माणसाच्या उलटा असतो: नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. हे रंग झेडवर बसतात. मादीकडे झेड एकच, म्हणून तिच्यात असा रंग असला की तो दिसतोच. ‘ल्युटिनो स्प्लिट मादी’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर सरळ घरी या. मादी पिल्लाला तो एकुलता झेड बापाकडूनच मिळतो. त्यावरून:

– ल्युटिनो नर, करडी मादी: सगळी मादी पिल्लं ल्युटिनो, सगळे नर करडे पण स्प्लिट.
– करडा नर, ल्युटिनो मादी: सगळी पिल्लं करडी, त्यातले नर स्प्लिट.
– स्प्लिट नर, करडी मादी: निम्म्या मादी ल्युटिनो. नर सगळे करडेच, त्यातले निम्मे स्प्लिट, पण कोणते ते बघून कळत नाही.

यात एक फायदा आहे. ल्युटिनोत नर-मादी ओळखणं अवघड, पण आई करडी असेल तर ल्युटिनो पिल्लू मादीच.

३. पाईड, व्हाईटफेससाठी चौकट आखा: एका बाजूला बाप काय देऊ शकतो ते, दुसऱ्या बाजूला आई काय देऊ शकते ते, आणि खणांत त्यांच्या जोड्या. पाईड आणि साधा करडा यांची सगळी पिल्लं स्प्लिट. दोन स्प्लिट लावले तर २५ टक्के पाईड, ५० टक्के स्प्लिट, २५ टक्के निव्वळ करडी. पाईड आणि स्प्लिट लावले तर निम्मी पाईड. ही शक्यता प्रत्येक अंड्याची आहे. एका वेळी अंडी चार ते सहाच, तेव्हा चारातलं एक पाईड निघेलच असं नाही.

४. दोन रंग असतील तर वेगवेगळे सोडवून गुणा. व्हाईटफेस स्प्लिट असलेला ल्युटिनो नर आणि व्हाईटफेस मादी घ्या. मादी पिल्लं सगळी ल्युटिनो, त्यातली निम्मी व्हाईटफेसही. दोन्ही एकत्र आले की पांढरंशुभ्र ‘अल्बिनो’. म्हणजे एकूण पिल्लांत चारातलं एक. ल्युटिनोला ल्युटिनो पिढ्यान्‌पिढ्या लावू नका, तुऱ्यामागचं टक्कल वाढत जातं.

५. पिल्लं आली की ताळा करा. ल्युटिनोचे डोळे अंड्यातून बाहेर येतानाच लालसर असतात. व्हाईटफेसची लव पांढरी, इतरांची पिवळी. गोंधळ होतो तो पर्ल नराचा: पहिली पिसं झडली की त्याचे ठिपके जातात आणि तो करड्यासारखा दिसू लागतो. असा ‘करडा’ नर साध्या करड्या मादीला लावलात आणि मादी पिल्लं पर्ल आली, तर तो पर्ल की स्प्लिट? एक जरी मादी पिल्लू बिनठिपक्यांचं निघालं, तर तो स्प्लिट.