पाठ ‘पाठ’ करू नका: डिसेक्शन हॉलमधल्या नेहमीच्या चुका

एमबीबीएसच्या फर्स्ट इयरची नवी बॅच डिसेक्शनला, म्हणजे दान केलेल्या मृतदेहावर शरीररचना शिकायला आली की कुठल्या ना कुठल्या टेबलवर हे वाक्य ऐकू येतंच: “बॅक काय, पाठ तर सोपी आहे, आज दुपारी उरकून टाकू.” मोठमोठे सपाट स्नायू, गळ्यासारखी नसांची गुंतागुंत नाही, घाई करायला आणखी काय लागतं? उरकून झालं की ते निस्तरायला मला बोलावणं येतं. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे ट्रॅपेझियस (मानेपासून पाठीपर्यंतचा सर्वांत वरचा स्नायू) उचलताना त्याच्याखालचे ऱ्हॉम्बॉइड्स (मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंतचे स्नायू) हेही सोबत उचलणं. काही वर्षांपूर्वी एका टेबलवरचा मुलगा धावत आला. “मॅडम, आमच्या बॉडीला ऱ्हॉम्बॉइडच नाहीयेत. व्हेरिएशन आहे!” चेहऱ्यावर असा आनंद, की केस रिपोर्ट मनात लिहूनही झाला असावा. मी जाऊन त्यांनी बाहेरच्या बाजूला उलटवलेला फ्लॅप हातात घेतला. कापलेली कड जाड लागली. चिमट्याने ती उकलली, तर घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे दोन थर वेगळे झाले. वरचा ट्रॅपेझियस, खालचा ऱ्हॉम्बॉइड मेजर. ‘डीप मसल’ म्हणून ते जो मला दाखवत होते, तो सेरॅटस पोस्टेरिअर सुपीरिअर, म्हणजे ऱ्हॉम्बॉइडच्याही खालचा स्नायू निघाला. त्याहून वाईट पुढे होतं. फ्लॅप नीट उलटेना, कारण ऱ्हॉम्बॉइड स्कॅप्युलाच्या (खांद्याच्या फऱ्याच्या) मीडियल बॉर्डरला, म्हणजे मणक्यांकडच्या कडेला धरून बसला होता. मग यांनी तिथेही ब्लेड फिरवलं. डॉर्सल स्कॅप्युलर नर्व्ह, म्हणजे ऱ्हॉम्बॉइड्सची नस, नेमकी त्याच कडेच्या आत खाली उतरते. ती गेली. त्या टेबलला वर्षभर ती नस शेजारच्या टेबलवर जाऊन बघावी लागली.

हे टाळायला मोठी विद्या लागत नाही, धाग्याची दिशा बघावी लागते. पाठीच्या मधल्या भागात ट्रॅपेझियसचे खालचे तंतू मणक्यांकडून बाहेर जाताना वर चढतात. ऱ्हॉम्बॉइडचे तंतू मणक्यांकडून बाहेर जाताना खाली उतरतात. धागा फिरला की थर बदलला. माझी स्वतःची सवय अशी: आधी ट्रॅपेझियसची खालची-बाहेरची मोकळी कड शोधायची, ती लॅटिसिमसच्या (पाठीच्या खालच्या भागातून दंडाकडे जाणाऱ्या रुंद स्नायूच्या) वरच्या भागावर येते. तिथे ब्लेड बाजूला ठेवून बोट आत सरकवायचं. योग्य थरात असाल तर बोट लोण्यासारखं जातं. अडलं तर जोर लावू नका, थर चुकला आहे. मग बोट आत ठेवूनच, मणक्यांपासून सेंटिमीटरभर सोडून, टी १२ (छातीच्या भागातल्या शेवटच्या मणक्या) कडून वर कापत जायचं. आणि मानेजवळ पोचलात की हात आवरा. ॲक्सेसरी नर्व्ह, म्हणजे ट्रॅपेझियसची नस, त्याच्या आतल्या बाजूला चिकटून खाली येते, फ्लॅप ओढून काढाल तर तीही ओढली जाईल.

थ्रीडी ॲपवर बोट टेकवलं की ट्रॅपेझियस अलगद नाहीसा होतो, हे मला माहीत आहे. तिथे स्नायूंवरचं चिकट आवरण, फॅशिया, नसतं, चरबी नसते. देहदान करणाऱ्या माणसाच्या शरीरावर ‘अनडू’चं बटणही नसतं. पहिल्या दिवशी देहाचा मान राखण्याची शपथ घेताना मान खाली घातली होती ना, ती ब्लेड हातात घेतल्यावरही आठवावी.

दुसरी चूक तोंडी परीक्षेतली. “स्नायू पाठीवर आहे, म्हणून नर्व्ह सप्लाय डॉर्सल रॅमस (मणक्यातून निघालेल्या नसेचा मागचा फाटा).” दरवर्षी. अरे, इरेक्टर स्पायनी (मणक्यांना लागून उभा असलेला खोल स्नायू) हा पाठीचा मूळचा रहिवासी, त्याला डॉर्सल रॅमाय. लॅटिसिमस, ऱ्हॉम्बॉइड्स, लिव्हेटर स्कॅप्युली ही हाताची मंडळी, पाठीवर राहायला आलेली. येताना आपली वायर पुढच्या फाट्यातून घेऊन आली: लॅटिसिमसला थोरॅकोडॉर्सल, सी ६, ७, ८ (सी म्हणजे मानेतल्या नसांचे क्रमांक), ऱ्हॉम्बॉइड्सना डॉर्सल स्कॅप्युलर, सी ५. ट्रॅपेझियस आणखीनच निराळा, त्याला अकरावी क्रेनियल नर्व्ह, म्हणजे तीच ॲक्सेसरी. एवढं कळलं की निम्मा तक्ता घोकायची गरज उरत नाही. पण नाही, आमच्या मुलांना निमॉनिक, म्हणजे आद्याक्षरांचं लक्षात ठेवायचं वाक्य, हवं असतं, आणि परीक्षेत निमॉनिकचं पहिलं अक्षर आठवतं, पुढचं आठवत नाही.

यालाच जोडून: ‘विंगिंग ऑफ स्कॅप्युला’, म्हणजे फरा पंखासारखा बाहेर येणं, म्हटलं की सगळे सेरॅटस अँटीरिअर (फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू) लुळा पडला म्हणून गप्प बसतात. बरोबर आहे, पण अर्धंच. ट्रॅपेझियस लुळा पडला तरी स्कॅप्युला सुटतो. खांदा उतरलेला दिसतो, आणि हात बाजूने वर उचलताना विंगिंग जास्त जाणवतं. मानेच्या पोस्टेरिअर ट्रँगलमधून (बाजूच्या-मागच्या भागातून) गाठ काढताना ॲक्सेसरी नर्व्ह कापली जाऊ शकते, कारण तिथे ती कातडीच्या फार जवळ असते. आपल्याकडे टीबीच्या शंकेने मानेतल्या गाठी किती तपासायला काढतात, हे इंटर्नशिपला कळेलच.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पाठीची कातडी जाड असते, म्हणून पहिला छेद दाबून घेतात आणि ट्रॅपेझियसचा खालचा पातळ भाग कातडीबरोबरच निघतो. चरबी संपून लालसर-तपकिरी तंतू दिसले की थांबा.

लॅटिसिमस उचलताना त्याच्याखालचा सेरॅटस पोस्टेरिअर इन्फीरिअर हा स्नायू हरवतो. तो कागदासारखा पातळ असतो, हळू जा.

लॅटिसिमसचं इन्सर्शन (स्नायू जिथे जाऊन चिकटतो ती जागा) ‘ह्यूमरसला’, म्हणजे दंडाच्या हाडाला, एवढंच सांगू नका. त्या हाडावरच्या खाचेचा, बायसिपिटल ग्रूव्हचा तळ, एका बाजूला पेक्टोरॅलिस मेजर, दुसऱ्या बाजूला टेरिस मेजर. लॅटिसिमस टेरिस मेजरला वळसा घालून पुढे येतो, हे बोट फिरवून बघा.

जिवंत माणसावर हात न लावणं ही तर कमालच. हॉस्टेलवर रूममेट आहे ना? त्याच्या काखेची मागची घडी चिमटीत धरा आणि जोरात खोकायला सांगा. लॅटिसिमस बोटांत टणक होतो. मग हात छातीवर घडी घालून पुढे वाकायला सांगा. स्कॅप्युला बाहेर सरकतो, ट्रँगल ऑफ ऑस्कल्टेशन (स्नायूंमधली श्वासाचे आवाज ऐकायची त्रिकोणी जागा) उघडतो, स्टेथोस्कोप तिथे ठेवा. सातवी बरगडी तिथेच कातडीच्या सर्वांत जवळ लागते.

आणि शेवटचं, कारण हे कुणीच करत नाही. जाताना फ्लॅप जागेवर परत ठेवा, वर ओला कपडा, त्यावर प्लॅस्टिक. शनिवारी उघडा टाकलेला ट्रॅपेझियस सोमवारी पापडासारखा कडक मिळतो. मग “मॅडम, हा उचलतच नाहीये” म्हणून मला बोलावू नका.