पाळीव सापाची कात, खवले आणि मराठवाड्याची हवा

मराठवाड्यात बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांना सापाच्या त्वचेचा त्रास दिसला की ते प्रथम मलम शोधतात. वास्तविक बहुतेक वेळा दोष साप ठेवलेल्या पेटीतील हवेत असतो. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, बिळांत आणि वारुळांत दडून राहणारा साप असून त्याला साधारण 55 ते 70 टक्के आर्द्रता लागते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेकला 40 ते 60 टक्के पुरते. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांपर्यंत चढतो आणि दुपारची हवा याहून कितीतरी कोरडी असते, त्यामुळे कात अंगावरच चिकटून राहते. मग मालक घाबरून पेटीत दिवसातून चार वेळा पाणी शिंपडतो, तळ ओलाच राहतो आणि पोटाकडचे खवले कुजू लागतात. पेटीतील हवा दमट आणि तळ कोरडा, हे ज्याला साधले त्याच्यावर उपचाराची वेळ क्वचितच येते.

येथे सांगितलेले उपाय परदेशी जातींच्या, कायदेशीररीत्या नोंदणी केलेल्या सापांसाठी आहेत. धामण, नाग, अजगर, मांडूळ असे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये घरी ठेवता येत नाहीत. असा साप जखमी आढळल्यास त्यावर स्वतः उपचार न करता वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवावे.

कात टाकण्यापूर्वी सापाचा रंग मळकट होतो आणि डोळे निळसर-दुधी दिसतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात पडते. या काळात त्याला कमी दिसते व तो चिडचिडा होतो, म्हणून हाताळू नये आणि खाऊ घालण्याचा आग्रहही धरू नये. निरोगी सापाची कात ओठांपासून सुटत, उलटी होत, शेपटीपर्यंत एकसंध उतरते. पडलेली कात लगेच फेकून देऊ नये. डोक्याचा भाग उजेडासमोर धरला असता दोन्ही डोळ्यांवरची गोल, पारदर्शक झाकणे त्यात दिसली पाहिजेत आणि शेपटीचे टोकही शाबूत असले पाहिजे.

कात तुकड्यांत पडली असेल, तर पसरट डब्यात 28 ते 30 अंश तापमानाचे पाणी सापाच्या निम्म्या जाडीइतके घेऊन त्यात त्याला वीस ते तीस मिनिटे ठेवावे. पाण्याचे तापमान हाताच्या अंदाजाने न ठरवता थर्मामीटरने पाहावे आणि सापाला क्षणभरही एकटे सोडू नये. त्यानंतर ओल्या, खरबरीत टॉवेलमधून त्याला सरपटू द्यावे, म्हणजे सैल झालेली कात आपोआप निघते. जी निघत नाही ती नखाने ओढू नये. दुसऱ्या दिवशी हाच क्रम पुन्हा करावा. डोळ्यावरचे झाकण मात्र घरी काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. चिमटा लावल्यास खालचा जिवंत थरही फाटतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. आर्द्रता सुधारली की ते बहुधा पुढच्या कातीबरोबर निघते, आणि तरीही न निघाल्यास डॉक्टरांकडे जावे. शेपटीच्या टोकाशी राहिलेल्या कातीच्या कड्यांकडे दुर्लक्ष झाले, तर त्या आवळत जाऊन रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळे पडून गळते.

कायमचा इलाज म्हणजे दमट निवारा. त्यासाठी महागडी वस्तू आणण्याची गरज नाही. कुंभाराकडचे लहान मडके उपडे ठेवून काठाला साप सहज आत जाईल एवढी खाच करावी आणि तिच्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत कराव्यात. आत ओले करून घट्ट पिळलेले मॉस (शेवाळासारखी वनस्पती) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावे. मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी टपकता कामा नये. बुरशी धरू नये म्हणून ते दर काही दिवसांनी बदलावे. खोलीत कुलर चालू असला, तरी पेटीतील हायग्रोमीटरचा (आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा पाहूनच पुढचे ठरवावे, कारण कुलरसमोरची हवा आणि बंद पेटीतली हवा यांत मोठे अंतर असते.

खवले कुजण्याची सुरुवात पोटाकडे लालसर किंवा तपकिरी डागांनी होते. पुढे फोड येतात, खवले उचलले जातात आणि वास येऊ लागतो. पावसाळ्यात हा त्रास अधिक दिसतो. अशा वेळी पेटीत अंथरलेला भुसा काढून टाकून तळाला छापील शाई नसलेला कोरा कागद अंथरावा आणि तो घाण होताच बदलावा. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून दिवसातून एकदा दहा मिनिटे जखमेला लावावे आणि नंतर अंग कोरडे करावे. डाग वरवरचे असतील तर एवढ्याने फरक पडतो. पू, उघडी जखम, सूज किंवा खाणे बंद होणे यांपैकी काहीही दिसले, तर संसर्ग रक्तात जाण्याचा धोका असतो आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन लागते. हळद, खोबरेल तेल, कडुनिंबाचे तेल हे घरगुती उपाय आपल्या माणसांना आपुलकीने सुचतात, पण ओल्या जखमेवर त्यांचा थर बसून ती सुकत नाही. पेटी फिनाइलने पुसणे तर त्याहून वाईट, कारण त्यातील फेनॉलवर्गीय द्रव्ये सापांना विषारी ठरतात.

साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल, तर डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची खाच भिंगाने तपासावी. हलणारे काळे ठिपके म्हणजे माइट, म्हणजेच रक्त पिणारे बारीक कीटकसदृश जीव होत. ते पेटीच्या फटींत अंडी घालतात, म्हणून नुसता साप धुऊन उपयोग होत नाही. सगळे सामान बाहेर काढून पेटी गरम पाण्याने धुवावी आणि दोन-तीन आठवडे सफाई पुन्हा पुन्हा करावी. औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. गोठ्यातल्या गोचिडांसाठी आणलेली फवारणी किंवा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सापाला अंदाजाने दिल्यास तो दगावू शकतो, आणि कासवाला तर आयव्हरमेक्टिन कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. नवा साप आणल्यास त्याला किमान दोन महिने वेगळ्या खोलीत ठेवावे.

हिवाळ्यात थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) लावलेल्या हीटिंग मॅटमुळे, म्हणजे पेटी गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईमुळे, पोट भाजते. साप तापलेल्या जागेवरून वेळेत उठत नाही. भाजल्यास थंड पाण्याने, बर्फाने नव्हे, तो भाग निववावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गावच्या दवाखान्यात सापाचा अनुभव असेलच असे नाही, म्हणून फोनवर आधी विचारून निघावे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथेही आगाऊ चौकशी करावी. सापाला सुती पिशवीत घालून गाठ मारावी, ती पिशवी हवेसाठी छिद्रे असलेल्या डब्यात ठेवावी आणि उन्हाळ्यात पहाटेच प्रवास करावा. सोबत शेवटची कात, डागांचे तारखेसह फोटो, तापमान व आर्द्रतेच्या नोंदी आणि नोंदणीची प्रत न्यावी. सापाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. खोल जखम बरी होताना कात लवकर लवकर पडते, आणि व्रण दोन-तीन कातींनंतरच फिका होतो.