शनिवारची गोळी चहाआधी : हाडांच्या औषधांत या चुका टाळा

शहापुरात माझं छोटं मेडिकल आहे. खानापूरकडची एक आजी दर महिन्याला चार गोळ्यांची पट्टी न्यायला येते. परवा हळूच विचारते, "अण्णा, आठवड्याला एक म्हणत्यात. रोज एक घेतली तर हाडं लवकर भरतील की?"

म्हटलं, "आज्जी, हाडं भरायच्या आधी अन्ननलिका सोलून निघंल."

पट्टी ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची. हाडं ठिसूळ झाली की बऱ्याच जणींना आधी हीच मिळते आणि सगळ्यांत जास्त घोळही हिचाच. आजीचा क्रम ठरलेला: उठलं की मिश्री, मग चहा, चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गोळी. अशी घेतली तर पैसे पाण्यात. रिकाम्या पोटीसुद्धा या गोळीतला शेकडा एक भागही अंगी लागत नाही. चहा-दूध पोटात असेल तर तेवढाही नाही. उठल्यावर पेलाभर साधं पाणी आणि गोळी, बस्स. चघळायची नाही. पुढची ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी गोळीही नाही. अंगणात झाडलोट करा, फुलं काढा, पण उभं नाहीतर ताठ बसलेलं राहा. आजीने वार ठरवलाय शनिवार. विसरली तर रविवारी सकाळी घ्यायची, पुढच्या वेळी परत शनिवारीच. एका दिवशी दोन कधीच नाहीत. गिळताना दुखलं, छातीत जळजळलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठायचं.

कॅल्शियमची गोळी हिच्यासोबत नको, ती जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये ४ तासांचं अंतर हवं. आणि नुसत्या कॅल्शियमवर ठिसूळ हाडं सावरत नाहीत. नाचणीची भाकरी चांगलीच, पण ती औषधाची जागा घेत नाही.

डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक, त्याही ठरावीक आठवडेच असतात. "शेजारणीला गुण आला" म्हणून महिनोन्महिने नेणारी गिऱ्हाइकं मी परत पाठवतो. जास्त झालं की मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, पुढे किडनीला त्रास.

ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं ५ मिलिग्रॅमचं सलाईन असतं, वर्षातून एकदा. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस ताप येतो, अंग ठणकतं. लोक म्हणतात, "औषध बाधलं". बहुतेकदा ती ठरलेलीच प्रतिक्रिया असते, डॉक्टर त्यावर पॅरासिटामॉल देतात. सलाईन लावण्याआधी किडनीची तपासणी आणि डी-कॅल्शियमची पातळी मात्र पाहिलेली हवी.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारं इंजेक्शन, ६० मिलिग्रॅम, दर ६ महिन्यांनी कातडीखाली टोचायचं. इथल्या एक मावशी नातवाच्या बारशाला पुण्याला गेल्या आणि तिथेच रमल्या. दुखत नव्हतं, म्हणून इंजेक्शन राहिलं. दहाव्या महिन्यात परतल्या तेव्हा कंबर धरलेली. एक्स-रेत दोन मणके दबलेले. हे औषध थांबलं की रोखून धरलेली झीज एकदम उसळी मारते. ॲलेंड्रोनेटला काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने विश्रांती देता येते, याला तशी नाही. बंद करायचंच तर त्याच्यामागे दुसरं औषध लगेच लावावं लागतं. माझ्याकडून हे इंजेक्शन जातं तेव्हा पुढची तारीख मी खोक्यावरच लिहून देतो आणि मुलाचा नंबर मागून घेतो.

मिश्रीवरून आठवलं. किडके, हलणारे दात असतील तर काढणं-भरणं ही औषधं सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या. सुरू झाल्यावर दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. आणि बरीच वर्षं गोळी चालू असताना न पडता-झडता मांडी किंवा जांघ ठणकायला लागली, तर मलम मागायला माझ्याकडे येऊ नका. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढा.