अवघड गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात आम्ही धुळ्याचे चार-पाच जण गाडी काढून गोल्फ खेळायला जातो. (नाशिकचं 'गोल्फ क्लब मैदान' नव्हे, तिथे क्रिकेट चालतं.) सोबत एखादा नवशिका असतोच, आणि त्याला हटकून सगळ्यात मागच्या टीवरूनच खेळायचं असतं. (टी म्हणजे प्रत्येक होलचा पहिला फटका मारायची जागा; जितकी मागे, तितका पल्ला लांब.) पहिली चूक हीच.

गेल्या खेपेला शिरपूरचा भाचा होता. कापसाच्या बांधावर जाळी बांधून, मोबाइलवर बघून शिकलेला. कोर्स पुण्याजवळचा, डोंगरातला. म्हटलं, पुढच्या टीवरून खेळ. तर म्हणे, "मामा, मी काय धाकला पोऱ्या शे का?"

तिसऱ्या होलला टीसमोरच नाला. पहिला बॉल नाल्यात. दंडाचा फटका धरून तिथूनच तिसरा, तोही नाल्यात. मग पाचवा, मग सातवा. नाल्याच्या कडेच्या खुंट्या लाल होत्या. म्हणजे बॉल कडेवरून जिथे आत गेला, तिथपासून दोन क्लबांच्या (म्हणजे गोल्फच्या काठ्यांच्या) लांबीत, होलच्या जवळ न सरकता, ड्रॉप घेता येतो, म्हणजे बॉल हाताने टाकून पुढे खेळता येतं. दंड तोच, एक फटका, पण पल्ला बराच कमी. हे मी दोनदा सांगितलं. मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून बघत होता, मला मान वर करवेना.

माझा हिशेब साधा आहे. पाच नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) बॉल जितके यार्ड जातो, त्याला 36 ने गुणा. 150 जात असेल तर ज्या टीवरून कोर्सची एकूण लांबी 5,400 यार्डांच्या आसपास भरते, ती टी तुमची. स्कोअरकार्डावर प्रत्येक टीचं स्लोप रेटिंगही, म्हणजे तिथून कोर्स सामान्य खेळाडूला किती अवघड जातो त्याचा आकडा, बघा: 113 म्हणजे सर्वसाधारण, 155 ही कमाल. 135 दिसलं तर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, बॅगेत राहिलेला बरा.

दुसरी चूक, प्रोव्हिजनल बॉल न मारणं, म्हणजे पहिला हरवला असेल असं वाटलं की शोधायला जाण्याआधी तिथूनच मारून ठेवायचा राखीव बॉल. बॉल झाडीत गेला की सगळे पावट्याच्या शेंगा शोधाव्यात तसे वाकून हिंडतात. शोधायला 3 मिनिटं मिळतात. पूर्वी 5 होती, 2019 पासून कमी केली. नाही सापडला तर पुन्हा मारायला उन्हात मागे, आधीच्या जागी चालत जा. मी खिशात वेगळ्या खुणेचा दुसरा बॉल ठेवतो आणि मारण्याआधी 'प्रोव्हिजनल' असं मोठ्याने म्हणतो. न सांगता मारलात तर तोच तुमचा चालू बॉल, पहिला सापडला तरी उपयोग नाही. नाल्यात गेलाय हे नक्की असेल तर मात्र प्रोव्हिजनल चालत नाही.

बाकीच्या किरकोळ. रात्रभर गाडी हाकून थेट पहिल्या टीवर उभे राहू नका, वीस मिनिटं सरावाच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतासारख्या जागेवर) घालवा, कारण त्या गवतावर बॉलचा वेग प्रत्येक ठिकाणी निराळा. डोंगरात डोळा फसतो, उताराबाबत कॅडीचं (बॅग वाहणाऱ्या सोबत्याचं) ऐका. बॅगेत 14 च्या वर क्लब नकोत. सकाळी तर्रीदार शेवभाजी चापून खेळायला येऊ नका. आणि सहलीत कोरे बूट घालू नका. भाच्याने तेही घातले होते, नवव्या होलपासून अनवाणी चालला.