प्लास्टरच्या दिवशी बाळाला पाजून नेऊ नका

क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाला दर आठवड्याच्या प्लास्टरला न्यायचं तर केसपेपर, लंगोट, दुपटी तुम्ही घेणारच. मुद्द्याचं बोलते. घरून निघताना बाळाला पोटभर पाजू नका. ओपीडीच्या रांगेतही नाही. शेजारच्या आजी ‘अगं, घे की पदराखाली’ म्हणतील, मान डोलवा आणि गप्प बसा. आम्ही मागच्या वेळी रांगेत पाजलं आणि टेबलावर बाळाने लाथांचा पाऊस पाडला. उपाशी मारायचं नाहीये, एक पाजणं पुढे ढकलायचंय. पॉन्सेटी पद्धतीत डॉक्टर पाऊल हलक्या हाताने वळवून धरतात आणि त्याच स्थितीत प्लास्टर बसवतात. बाळ चोखत असेल तर पाय सैल राहतो. ताठला की प्लास्टरला घड्या पडतात, ते सैल बसतं, घसरतं, आतली कातडी दुखावते. म्हणून दूध टेबलावर, प्लास्टर चालू असताना. वरचं देत असाल तर बाटली किंवा वाटी-चमचा तयार ठेवा, गरम पाणी थर्मासमध्ये.

जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी काढू नका. मिळालेलं वळण रात्रीत थोडं सुटतं. दवाखान्यातच, नवं बसण्याच्या जरा आधी काढलेलं बरं. पाय धुऊन कोरडा, तेल नाही. मालिशवाल्या बाईंना आठवडाभर त्या पायाची सुट्टी.

प्लास्टर बोटांपासून मांडीच्या वरपर्यंत, गुडघा काटकोनात. चड्डी-पँट विसरा, सैल झबलं घ्या. पहिल्या प्लास्टरनंतर तळवा आणखीच आत वळलेला दिसू शकतो, तो तसाच दिसायला हवा. घाबरून तिथेच भांडू नका. ‘ग्रहणात काय चिरलं होतंस?’ विचारणाऱ्यांना मात्र भांडा.

घरी बोटं दिवसातून अनेकदा बघा: गुलाबी, गरम, दाबून सोडल्यावर रंग परत येतो का. निळी, गार, सुजलेली किंवा आत सरकून दिसेनाशी झाली तर वार न बघता, रविवार असला तरी जा. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसा. आणि पुढच्या वेळीही, ऐकताय ना, पाजून नेऊ नका.

साधारण पाच-सात प्लास्टरनंतर टाचेमागचा कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) कापतात, बहुतेकदा जागा बधिर करून, छोट्याशा छेदातून. त्या दिवशी मात्र दुधाचा नियम डॉक्टरांना आधी विचारा. पूर्ण भूल असेल तर पोट रिकामंच लागतं. मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर.

मग दांडीचे बूट, म्हणजे एका दांडीने जोडलेले दोन बूट. रोज २३ तास, तीन महिने. पुढे रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचं होईपर्यंत. पातळ सुती मोजे जास्तीचे. टाच बुटात टेकलीय का बघा. पाय सरळ दिसतोय म्हणून बूट सोडलेत तर पाऊल पुन्हा आत वळतं, अगदी नेमाने. बूट तोकडे व्हायच्या आधीच पुढचा नंबर सांगून ठेवा. पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा, क्लबफूट त्यांच्या यादीत आहे.