पुण्याच्या संघांचे चाहते आहात? मग निदान या चुका तरी टाळा

मागे एकदा पुणेरी पलटण, म्हणजे आपला प्रो कबड्डीचा संघ, हंगामातला एक सामना हरली. एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीतला एक मुलगा जिन्यात आडवा आला. "काका, कोच बदलायला पाहिजे." माझ्या हातात भाजीची पिशवी, लिफ्ट बंद, आणि हा मला संघबांधणी शिकवतोय. त्याला तिथेच जे ऐकवलं ते जरा सविस्तर लिहून ठेवतो, कारण दर हंगामात कोणीतरी नवा मुलगा जिन्यात भेटतोच.

माझा अधिकार काय ते आधी सांगतो. २०११ पासून पुण्याच्या नावाने जे जे खेळलं त्याच्यामागे मी लागलो. आयपीएलमधले पुणे वॉरियर्स गेले, रायझिंग पुणे गेले, फुटबॉलमधलं एफसी पुणे सिटी गेलं. पुणेरी पलटण तेवढी शिल्लक आहे. तीन तेरावी घातलेल्या माणसाचं थोडं ऐकावं.

निकाल बघून निर्णयाला नावं ठेवणं

सगळ्यांची लाडकी चूक हीच, आणि माझीही होती.

फेब्रुवारी २०१७. रायझिंग पुणेच्या मालकांनी धोनीचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. आदल्या वर्षी चौदा सामन्यांत पाच विजय आणि सातवा नंबर, हे मला ठाऊक होतं. तरी मी पेटलो. धोनीला काढतात? दोनच दिवसांत लिलाव झाला. बेन स्टोक्स साडेचौदा कोटींना. मी म्हटलं, उधळपट्टी. जयदेव उनाडकट तीस लाखांना. मी म्हटलं, उगीच. राहुल त्रिपाठी दहा लाखांना. मी म्हटलं, भरती. मेव्हण्याशी पैज लावली की पुणे पहिल्या चारांत आलं तर अख्ख्या घरादाराला मिसळ माझ्याकडून.

मिसळ द्यावी लागली. अकरा जण होते, वर ताक वेगळं.

उनाडकटने चोवीस विकेट काढल्या. त्रिपाठीने ३९१ धावा केल्या. तो महाराष्ट्राकडून रणजी खेळत होता आणि मी त्याला कधी पाहिलेला नव्हता. मैदान आपल्याच गहुंज्यात, पण रणजीला कोण जातो! स्टोक्सचं शतक मात्र मी मैदानात बसून पाहिलं. १ मे, महाराष्ट्र दिन, समोर गुजरात लायन्स, १६२ चा पाठलाग आणि पुणे ३ बाद १०. माझ्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब डबे आवरून निघालं. स्टोक्स नाबाद १०३, आपण जिंकलो. ते कुटुंब द्रुतगती मार्गावर कुठे पोचलं असेल याचा विचार करून मला आजही बरं वाटतं.

मग २१ मे, हैदराबाद, अंतिम सामना. मुंबई १२९. शेवटच्या षटकात आपल्याला अकरा हवे होते आणि चेंडू मिचेल जॉन्सनकडे. पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. पाच चेंडूंत सात. पुढच्या चेंडूवर तिवारी गेला, त्याच्या पुढच्या चेंडूवर स्मिथने मारलेला फटका थेट रायुडूच्या हातात. शेवटच्या चेंडूला चार हवे होते. दोन पळून झाल्या, तिसरीला धावबाद. एका धावेने हरलो.

टीव्ही बंद करायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "धोनी कॅप्टन असता ना..." मेव्हणा सोफ्यावरून शांतपणे म्हणाला, "भावजी, दीड महिना तुम्हीच स्मिथची आरती ओवाळत होतात."

चूक नेमकी इथे आहे. निर्णय फेब्रुवारीतला होता. मेमध्ये तो फटका दोन हात बाजूला गेला असता तर तोच निर्णय मी दूरदृष्टी म्हणून मिरवला असता. रायुडूच्या उभं राहण्याच्या जागेवरून मालकाची अक्कल मोजायची नसते.

यावर माझा उपाय म्हणजे वही. दोनशे पानी, साधी. लिलावाच्या रात्री तीन रकाने आखायचे: कोण, कितीला, मला काय वाटतं. तिसऱ्या रकान्यात कारण लिहिल्याशिवाय झोपायचं नाही. हंगाम संपेपर्यंत ती उघडायची नाही. मोबाइलवर लिहू नका, तिथे गुपचूप खोडता येतं. माझ्या २०१७ च्या पानावर त्रिपाठीपुढे "भरती" असं निळ्या शाईत ठळक लिहिलेलं आहे. मधूनमधून काढून वाचतो, डोकं ताळ्यावर येतं.

निर्णय कोणाचा ते न बघता ओरडणं

२०१६ मध्ये दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले आणि पुणे विशाखापट्टणमला 'घरच्या मैदानावर' खेळलं. त्यासाठी लोक मालकाला शिव्या देत होते. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात स्टोक्स का नव्हता, म्हणूनही शिव्या. तो इंग्लंडकडून खेळायला निघून गेला होता. आधी दोन मिनिटं काढून बातमी पूर्ण वाचा. रीलमध्ये बातमी नसते, नुसता आवाज असतो.

मोठ्या नावाला भुलणं

सहाराने पुण्याचा पहिला संघ ३७ कोटी डॉलरला घेतला. मग युवराज आला, गांगुली आला, मायकेल क्लार्क आला. तीन हंगाम, दर हंगामात चार विजय. चारच, नियमाने. २०१३ मध्ये मॅथ्यूज, टेलर, फिंच असे तीन कर्णधार झाले. बंगळुरूला ख्रिस गेलने नाबाद १७५ केले त्या दिवशी फिंचने स्वतः एक षटक टाकलं, त्यात २९ गेल्या. बँक हमी भरली नाही म्हणून त्याच वर्षी क्रिकेट मंडळाने संघच रद्द केला. नावं मोठी होती, लिलावाच्या दिवशी पेढे वाटले होते. आता ते पेढे कोणी परत मागू नये.

नाव छापलेली जर्सी घेणं

घेऊ नका. माझ्याकडे रायझिंग पुणेची 'सुपरजायंट्स' लिहिलेली जांभळी जर्सी आहे. पुढच्याच वर्षी मालकांनी शेवटचा 'स' काढून 'सुपरजायंट' केलं. अनेकवचनाचं एकवचन केल्याने संघ कसा सुधारतो हे मला कळलेलं नाही, पण सुधारला हे खरं. दुकानदाराकडे बदलून मागितली तर तो म्हणाला, "ब्लेडने खरवडा की." खरवडली. भोक पडलं.

तीच भोकाची जर्सी घालून मी २०१८ मध्ये गहुंज्याला गेलो. पुणे संघ संपला होता, पण कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला आले होते. चेन्नईहून खास रेल्वे भरून माणसं आली. सगळं मैदान पिवळं, धोनी पिवळा, आणि मी एकटा जांभळा. शेजारच्या एका तमिळ गृहस्थाने माझ्या छातीवरचं नाव हळूहळू वाचलं आणि कुठली टीम म्हणून अगदी आस्थेने विचारलं. मी धोनीकडे बोट दाखवून म्हटलं, "गेल्या वर्षी हा आमचा होता."

टोपी घ्या. दीडशेत येते, आणि संघ गेला तरी उन्हात चालते.

"कोच बदला"

जिन्यातल्या मुलाचं आवडतं औषध. एफसी पुणे सिटीने ते भरपूर घेतलं. २०१४ ला कोलोम्बा, मग डेव्हिड प्लॅट, मग हबास, मग पोपोविच. पोपोविचच्या वर्षी गाडी पहिल्यांदा उपांत्य फेरीपर्यंत गेली. मग त्याच्या जागी मिगेल पोर्तुगाल आला, त्याला तीन सामन्यांत घरी पाठवलं, मधे प्रद्युम्न रेड्डी, शेवटी फिल ब्राऊन. पाच हंगामांत सात माणसं. बालेवाडीतले खेळाडू दरवेळी नव्या माणसाचं नवं तंत्र शिकायचे, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत शिकवणारा विमानतळावर असायचा. २०१९ मध्ये संघाचा कारभार आटोपला आणि ती जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२२ मध्ये आयएसएल, म्हणजे फुटबॉलची लीग, जिंकली. मी पाहिला नाही तो सामना.

माझा नियम असा की चौदा सामने होईपर्यंत कोचचं नाव तोंडात आणायचं नाही. चौदाच का? उगीच. काहीतरी आकडा ठरवावा लागतो.

"मुंबईवाल्यांकडे बघा"

बघा की. त्यांना पहिली ट्रॉफी सहाव्या हंगामात मिळाली.

खेळाडू सोडला की लगेच गळा काढणं

हे पलटणबद्दल, त्यामुळे जरा जपून. पहिल्या दोन हंगामांत पलटण तळाला होती. २०२२ ला अंतिम फेरीत जयपूरकडून हरली. त्यानंतर बचावाचा कोपरा सांभाळणाऱ्या इराणच्या फझल अत्राचलीला जाऊ दिलं आणि इराणच्याच मोहम्मदरझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. मी वहीत लिहिलं, "फझल गेला, कोपरा उघडा." मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून पलटणने करंडक उचलला. कर्णधार आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि शादलुई पकडीच्या गुणांत सगळ्यांच्या पुढे.

मग पलटणने शादलुईलाही सोडलं.

सोसायटीच्या ग्रुपवर सुतक. मी हिशेब मांडला. लिलावात प्रत्येक संघाची थैली पाच कोटींची. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेलं, म्हणजे एका माणसावर चाळीस टक्के. तेवढ्यात पलटणची ओळखीची, एकमेकांच्या इशाऱ्यावर साखळी धरणारी पोरं सांभाळता येतात. वहीत लिहिलं, "सोडलं ते बरोबर. पोरं महत्त्वाची." कारणासकट, सहीसकट.

त्या हंगामात अस्लम दुखापतीने मधेच बाहेर गेला आणि पलटण बाद फेरीतही पोचली नाही. अंतिम सामना २९ डिसेंबरला आपल्याच बालेवाडीत होता. तिकीट आधीच काढून ठेवलेलं, मग गेलो. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ ने हरवलं आणि आपल्या हॉलमध्ये, आपल्या माणसांसमोर, शादलुई करंडक घेऊन नाचला. माझ्या मागचा एकजण ओरडत होता, "अरे कोणी सोडला रे याला!" माझ्या बाजूला मेव्हणा. वहीत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं. तो काही बोलला नाही, फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

पुढच्या वर्षी पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून ३१-२८ ने हरली. दिल्लीच्या कोपऱ्यात कोण होता? फझल.

त्या रात्री वही काढली. "सोडलं ते बरोबर" या ओळीवर पेन टेकवलं. बायको म्हणाली, "खोड ना मग." पाच कोटींचा हिशेब पुन्हा करून पाहिला, तो तेवढाच आला. ओळ तशीच आहे. खाली फक्त बारीक अक्षरात लिहिलं, "मिसळ, मेव्हणा, उधार."